दान मिळालंच नाही, तर दोष कुणाचा?

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. मुलगा सातपूरला कंपनीत लागल्यापासून उपासनेला येत नाही. रागावले तर म्हणतो, "विश्वास देवाचं दान आहे, हे तुमचेच पाळक सांगतात ना? मला नाही मिळालं, माझा काय दोष?" मला उत्तर सुचेना. काय सांगू त्याला?
– एक आई, नाशिकरोड

उत्तर: सलाम, ताई. पोरगं हुशार आहे. याच प्रश्नाशी ऑगस्टीन हा जुन्या काळचा थोर ख्रिस्ती धर्मगुरूसुद्धा झुंजला. आधी तो मानायचा की विश्वास आपला, पुढचं देवाचं. म्हातारपणी त्यानंच ती चूक कबूल केली. इ.स. ५२९ला फ्रान्समधल्या ऑरेंज गावी भरलेल्या धर्मगुरूंच्या परिषदेनंही म्हटलं, विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनंच होते.

बायबलमधलं, पौलानं लिहिलेल्या इफिसकरांस पत्रातलं २:८ काढून त्यातलं 'हे' नीट वाचा. मराठीत कृपा ती, विश्वास तो, आणि पौल म्हणतो 'हे देवाचे दान आहे'. मूळ ग्रीकमध्ये तर कृपा आणि विश्वास दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, आणि 'हे' नपुंसकलिंगी. म्हणजे बोट एकट्या विश्वासाकडे नाही. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तारण झालं, या सगळ्याकडे आहे. विश्वास त्यातून वगळला असं मात्र समजू नका. फिलिप्पैकरांस १:२९ मध्ये विश्वास ठेवणंही कृपेनंच दिलेलं आहे.

मी दिंडोरीकडचा. आमचे दादा डॉगरिज या रानवेलीच्या खुंटावर थॉमसन जातीच्या द्राक्षाची कलमं बांधायचे. काडी पाचरीसारखी तासायची, खुंटाच्या चिरेत बसवायची, वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. काडीला स्वतःचं मूळ नाही, पाणी सगळं खुंटाचं. काही दिवसांनी डोळा फुगला की दादा मला हाक मारायचे, "ये, लागलं बघ!" आणि फुटायचं ते थॉमसनच, कारण काडी थॉमसनची. तसंच, विश्वास दिलेला असला तरी ठेवायचा मीच असतो. माझ्या वतीनं देव ठेवत नाही.

उपमा इथवरच. काडीला 'नको' म्हणता येत नाही, माणसाला येतं का? यावरच १६१८-१९ला हॉलंडमध्ये डॉर्टची धर्मसभा भरली आणि प्रोटेस्टंटांत फूट राहिली ती राहिलीच. तिथं ठरलं, देवानं निवडलेल्याला शेवटी कृपा अडवता येत नाही. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली पुढे म्हणाला, कृपा सर्वांकडे आधीच येते, पण तिला नाकारता येतं. मला वेस्लीचं पटतं. आमच्या घरातच याला विरोध आहे, ते असो.

मुलाला एवढंच विचारा: मागून पाहिलंस का? मार्क ९ मध्ये आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप एका दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. त्याच्याकडे पुरेसा नव्हता, म्हणूनच त्यानं मागितला. ज्याला मिळालं नाही असं वाटतं, त्यानं मागायला काय हरकत आहे?

आणि तुम्ही घाई करू नका. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ला झाला, बाईंचा १९००ला. मधली वर्षं त्या घरानं काय सोसलं, हे बाईंनीच लिहून ठेवलंय. रागावून त्यातला एक दिवसही कमी झाला नसता.

आणखी एक. कंपनीत त्याला शनिवारी रात्रपाळी असते का, तेही विचारा. रविवारी सकाळी तो तत्त्वज्ञान सांगतोय की झोपेला आलाय, एवढं आधी बघून घ्या.