घड्याळाखालची गर्दी

प्रश्न : प्रागला जातोय. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांचा मुलगा. जुन्या शहराच्या चौकात दोघं रमतील का?

उत्तर : मुलाची काळजीच सोडा. तिथलं १४१० सालचं घड्याळ अजून चालतं. दिवसा दर तासाला वरच्या खिडक्या उघडतात आणि बारा प्रेषितांचे (येशूच्या शिष्यांचे) पुतळे एकेक करून डोकावून जातात. मी पहिल्या वेळी त्यांच्याकडेच बघत राहिले आणि खाली तबकडीशेजारचा सांगाडा दोरी ओढतो, ते हुकलंच! शेवटी कोंबडा आरवतो. सगळा खेळ जेमतेम मिनिटाचा, तेव्हा दहा मिनिटं आधी जागा धरा. पर्स मात्र पोटाशी. सगळ्यांच्या माना वर, खिसेकापूंचं फावतं.

सासूबाईंना जाड तळव्याचे बूट घाला, फरसबंदी दगडी आहे. घड्याळाच्या, म्हणजे टाउन हॉलच्या, मनोऱ्यावर लिफ्ट जाते, त्यामुळे वरून चौक त्यांनाही बघता येईल.

खाली आल्यावर मुलाला टाउन हॉलशेजारी जमिनीतले पांढरे क्रूस मोजायला लावा. सत्तावीस भरतील. १६२१मध्ये सम्राटाविरुद्धच्या बंडाच्या २७ पुढाऱ्यांना याच चौकात मारलं. का मारलं, हे तो विचारणारच. उत्तर आधी ठरवून ठेवा.