तबकडीचं ‘बाष्पीभवन’ होतं की तबकडी ‘विरते’?

पुण्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुकात शाळकरी मुलांची गर्दी होते. आम्ही काही स्वयंसेवक त्यांच्यासाठी नवजात ताऱ्यांवर आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकड्यांवर मराठी फलक लिहीत आहोत. त्यात एक वाक्य आहे: ‘ताऱ्याच्या किरणोत्सर्गामुळे ग्रह घडवणाऱ्या तबकडीचे प्रकाश-बाष्पीभवन होते.’ मूळ संज्ञा ‘फोटोइव्हॅपोरेशन’. अर्थ बरोबर उतरलाय, तरी वाचताना अडखळायला होतं. दुसरं काय लिहिता येईल?

अडखळायला होतं ते दोन ठिकाणी. त्यातलं पहिलं लगेच सुटण्यासारखं आहे. ‘किरणोत्सर्ग’ म्हटलं की आपल्याकडे युरेनियम, तारापूर, चेर्नोबिल आठवतं. इथे तसं काही नाही. ताऱ्याकडून येणारे अतिनील किरण आणि क्ष-किरण एवढीच बाब आहे. शाळेत उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण शिकवतात, त्यातला ‘प्रारण’ हा नेमका शब्द. पण फलक मुलांसाठी असेल तर सरळ ‘अतिनील आणि क्ष-किरण’ लिहा. त्यापेक्षा स्पष्ट काही नाही.

खरी अडचण ‘बाष्पीभवन’ची आहे. मराठीत बाष्पीभवन होतं ते द्रवाचं. तबकडीतला बहुतेक ऐवज हायड्रोजन आणि हीलियम, म्हणजे मुळातच वायू. त्याची वाफ काय होणार! शिवाय त्याच तबकडीत धुळीच्या कणांवर पाण्याचा बर्फ असतो आणि ताऱ्याच्या जवळच्या भागात त्याची खरोखरच वाफ होते. घनाची अशी थेट वाफ होण्याला आपल्याकडे ‘संप्लवन’ हा चांगला शब्द आहे. चौकस मूल तुमचं वाक्य वाचून त्या बर्फाचाच विचार करेल आणि मुद्दा हातचा जाईल.

इंग्रजी शब्दामागची कल्पना मात्र चुकीची नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरचे वेगवान रेणू सुटून जातात, तसा इथेही वरच्या थरातला तापलेला वायू सुटतो. तीव्र अतिनील किरणांनी हायड्रोजनचं आयनीभवन झालं, म्हणजे त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटला, की वायूचं तापमान १०,००० केल्विनच्या आसपास जातं आणि त्यातल्या ध्वनीचा वेग, म्हणजे साधारण त्याच्या कणांचा वेग, सेकंदाला सुमारे १० किलोमीटर होतो. आपल्या सूर्याएवढा तारा घेतला, तर पृथ्वीइतक्या अंतरावर त्याच्या पकडीतून सुटायला सेकंदाला ४२ किलोमीटर वेग लागतो, दहापट अंतरावर मात्र १३ पुरतो, म्हणजे वायूच्या वेगाच्या जवळपास. म्हणून आतला वायू तापूनही अडकून राहतो आणि बाहेरचा निसटतो. थोडक्यात, यात अवस्था बदलण्यापेक्षा पकड सुटणं महत्त्वाचं आहे. ते ज्या क्रियापदात येईल ते आपल्याला हवं.

मला ‘विरणे’ हवंसं वाटतं. ढग विरतात, धुकं विरतं. हवेत तरंगणाऱ्या गोष्टींसाठी हे क्रियापद मराठीत आधीपासून रुळलेलं आहे. त्याचा दुसरा वापर तर इथे फारच चपखल बसतो: वापरून वापरून लुगडं विरतं. धागे झिजत जातात, बराच काळ काही दिसत नाही, मग एका जागी भोक पडतं आणि तिथून पुढे ते भराभर वाढतं. तबकडीचं जवळपास असंच होतं. काही दशलक्ष वर्षं तिच्यातला वायू हळूहळू ताऱ्यावर पडत राहतो. हा ओघ आटत आटत, वरून सुटून जाणाऱ्या वायूपेक्षा कमी झाला, की बाहेरून येणारा वायू वाटेतच निसटतो. आतल्या भागाचा पुरवठा तुटतो, तो भाग लाखभर वर्षांत ताऱ्यावर पडून रिकामा होतो. मधे पोकळी झाली की किरण थेट तिच्या कडेवर पडतात आणि तबकडी आतून बाहेर साफ होत जाते. या चित्राचा गाभा केंब्रिजच्या कॅथी क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडला. आधी लाखो वर्षं संथपणा आणि शेवटी घाई, हे दोन्ही ‘विरणे’त आहे. ‘बाष्पीभवन’मध्ये ते येत नाही.

‘विरघळणे’ मात्र टाळा, त्याला पुन्हा द्रव लागतो. ‘विखुरणे’ही नको. विखुरलेलं आसपास पडून असतं, हा वायू तर कायमचा जातो. मागे राहतात ते मोठे खडे, खडक आणि तोवर घडलेले ग्रह. गुरूसारख्या ग्रहाला आपलं वायूचं आवरण या मुदतीतच गोळा करावं लागतं. फलकावर हे वाक्य जरूर असू द्या.

एका ठिकाणी ‘विरणे’ अपुरं पडेल. मृग नक्षत्रात, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली, मृगाचा तेजोमेघ आहे. फेब्रुवारीच्या संध्याकाळी तो पुण्यातून छान उंचावर असतो. तिथल्या तबकड्यांना त्यांच्या स्वतःच्या ताऱ्यापेक्षा शेजारचा थीटा-१ ओरायनिस सी हा प्रचंड तेजस्वी तारा जास्त जाळतो. हबल दुर्बिणीच्या चित्रांत त्यांच्याभोवती चमकती कडा आणि त्या ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला गेलेल्या शेपट्या दिसतात. हा हल्ला बाहेरून आहे आणि त्याला दिशा आहे, म्हणून तिथे मी ‘उधळली जाते’ म्हणेन.

नामच हवं असेल तर ‘विरलन’ करू नका. रसायनशास्त्रात ‘विरल आम्ल’ रुळलेलं आहे, त्यामुळे मुलांना त्यात पाणी घालणं दिसेल. ‘तबकडीचं विरणं’ पुरेसं आहे. शीर्षकात मूळ संज्ञा ‘फोटोइव्हॅपोरेशन’ देवनागरीत एकदा येऊ द्या, पुढे शोधायला मुलांना ती लागेल. आणि वाक्य असं करता येईल: ‘ताऱ्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तबकडीच्या वरच्या थरातला वायू तापतो, ताऱ्याच्या पकडीतून सुटतो आणि काही दशलक्ष वर्षांत तबकडी विरून जाते.’