ट्विन घेऊ की चार सिलिंडर? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरतायत, मोटरसायकल दोन सिलिंडरची (म्हणजे ट्विन) घ्यायची की चार. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, यावेळी फक्त हेच.

प्रश्न (डिचोली, वय २९): तीन वर्षं ३९० सीसीची सिंगल सिलिंडर चालवतोय, आता मोठी गाडी घ्यायचीय. मित्र म्हणतात घ्यायची तर चार सिलिंडरचीच घे, एक सेकंडहँड ६०० बघून पण ठेवलीय. माझं फिरणं म्हणजे रविवारी चोर्ल्यातून बेळगाव, कधी आंबोली, आणि वर्षातून दोनदा बायकोला घेऊन कोल्हापूर. ६५० ट्विन घेतली तर नंतर पश्चात्ताप होईल का? कागदावर पॉवर जवळजवळ अर्धीच दिसते.

उत्तर: अरे बाब, तो कागद आधी नीट वाचूया, कारण पॉवरच्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात आरपीएम, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं तो आकडा, लिहिलेला असतो आणि खरी गोष्ट तिथेच असते.

कावासाकीच्याच दोन गाड्या घे. निंजा ६५० म्हणजे ६४९ सीसी, दोन सिलिंडर, ६८ पीएस पॉवर, ६४ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर). झेडएक्स-६आर म्हणजे ६३६ सीसी, चार सिलिंडर, पॉवर १२० पीएसच्या पुढे. जवळपास डबल. पण टॉर्क बघ, ६९. फक्त पाचच जास्त! मग एवढी पॉवर आली कुठून? आरपीएममधून. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले इंजिन किती जोरात फिरतंय ते, आणि ट्विन आपला सगळा टॉर्क ६,७०० वर देऊन मोकळी होते तर चार सिलिंडरवाली तो ११,००० च्या आसपास देते आणि पॉवर १३,००० वर.

एवढी फिरू शकते कारण तिचे पिस्टन छोटे आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) आखूड, ४५.१ मिलिमीटर. निंजा ६५० चा स्ट्रोक ६० मिलिमीटर. तो ६० वाला पिस्टन १३,००० वर पळवायचा म्हटलं तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला २६ मीटर होतो, कनेक्टिंग रॉडची वाट लागेल. म्हणून इंजिनिअर लोक तेच सीसी चार छोट्या भांड्यांत वाटतात. हुशारीचं काम आहे, मला त्या इंजिनाबद्दल मनापासून आदर आहे. प्रश्न एवढाच की तुझ्या रस्त्यावर ते ११,००० येणार कधी?

माझा अनुभव सांगतो. गेल्या डिसेंबरात मी आणि मित्र सकाळी साडेसहाला साखळीहून निघालो, त्याची ६०० चार सिलिंडर, माझी ६५० ट्विन, आणि केरी सोडून अंजुणे धरणापाशी आम्ही गाड्या बदलल्या. घाटातली ती आवळलेली वळणं तुला माहितीच आहेत, तीस-चाळीसच्या वेगाने घ्यावी लागतात. त्याची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, काटा चार हजारांवर, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला तर गाडी पुढे जाते पण जोर लावून नाही, मग पहिला टाकायचा तर तो एवढा उंच गिअर की त्यातच शंभराच्या वर जाते, आणि काटा नऊ हजारांकडे सरकतोय तोवर पुढचं वळण आलेलं असतं आणि पुन्हा ब्रेक. मी अख्खा घाट गिअर शोधत चढलो. तो मात्र माझी ट्विन तिसऱ्यात ठेवून निवांत, नुसता मनगट फिरवत, माझ्या आधी वर पोचला, आणि तो काही माझ्यापेक्षा भारी चालवतो असं नाही.

वर कणकुंबीच्या पुढे मात्र एक सरळ पट्टा मिळाला, रस्ता रिकामा, तिथे एकदाच दुसऱ्या गिअरमध्ये काटा दहाच्या वर नेला. बाब, तो आवाज. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. ट्विन तसं कधीच करणार नाही, जन्मात नाही. पण ते सुख तीन सेकंद टिकलं, कारण पुढे रस्त्यावर गुरं बसलेली, आणि त्या तीन सेकंदांत मी कायद्याच्या कुठल्या कुठे पलीकडे गेलो होतो. मोटरसायकलला केंद्राची मर्यादा चौपदरी हायवेवर सुद्धा ८० आहे, बाकी रस्त्यांवर ६०. म्हणजे ज्या गाडीचा पहिला गिअरच शंभराच्या वर संपतो तिचे उरलेले पाच तू आपल्या रस्त्यावर कशासाठी वापरणार? ती गाडी ट्रॅकवर न्यावी, तिथे तिला न्याय मिळतो.

उतरताना आणखी एक फरक जाणवतो. ट्विनचं इंजिन ब्रेकिंग चांगलं लागतं, थ्रॉटल सोडला की गाडी स्वतःच वेग धरून ठेवते. कमी आरपीएमवर चार सिलिंडरवाली सोडली की वाहत राहते, मग ब्रेकवर बोटं जास्त वेळ राहतात, आणि जून-जुलैत धुकं, ओला पाला, लाल चिखल असताना मला ते आवडत नाही.

आता कोल्हापूर. बायको मागे बसणार आहे ना, मग तिला एकदा त्या ६०० च्या मागच्या सीटवर बसवून फक्त म्हापशापर्यंत ने आणि आण. ती सीट म्हणजे एक उशीचा तुकडा असतो, गुडघे पोटाशी, आणि तुझं स्वतःचं वजन मनगटांवर. निर्णय तिथल्या तिथे होईल.

चार सिलिंडरचं जे खरं चांगलं आहे ते पण सांगायला हवं. हायवेवर, पेडण्यापासून पुढे कुडाळ-कणकवली करत एकसारखा वेग धरून जायचं असेल तर तो गुळगुळीतपणा ट्विनमध्ये नाही. चौघांचा स्फोट दर १८० अंशांवर एकसारखा होतो, त्यामुळे धक्के नाहीत, फक्त हँडलमध्ये एक बारीक झिणझिण येते ठराविक आरपीएमवर. तुझा जीव चारमध्येच अडकला असेल तर होंडा सीबीआर६५०आर बघ, ती रस्त्यासाठी ट्यून केलेली चार सिलिंडर आहे, बसायला पण माणसासारखी.

आणि ती सेकंडहँड ६००. नव्या ३५० सीसीवरच्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झालाय म्हणून जुन्याकडे ओढा वाढलाय ते समजतं, पण अशी गाडी घेताना इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट करून बघ (मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जा, दुसऱ्या दिवशी ये), फोर्कच्या नळ्यांवर तेलाची रेघ आहे का बघ, स्टिअरिंगच्या स्टॉपरवर आपटल्याची खूण बघ, फेअरिंगचे (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाचे) स्क्रू सगळे एकाच जातीचे आहेत का बघ. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची ठराविक फट) कधी तपासलं ते कागदावर विचार. सोळा व्हॉल्व्ह, त्यात शिम (ती फट जुळवायच्या चकत्या) बदलायच्या म्हणजे टाकी, एअरबॉक्स, कॅमशाफ्ट सगळं उतरवायचं, दिवस जातो. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टरसारख्या ट्विनला आठ व्हॉल्व्ह आणि साधे स्क्रूवाले टॅपेट, माहितगार मेकॅनिक दुपारपर्यंत करून देतो. गाडी महाराष्ट्र किंवा कर्नाटक पासिंगची असेल तर एनओसी आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

माझं मत विचारलंस तर ट्विन घे. पश्चात्ताप होणार नाही.

प्रश्न (मडगाव): मी वेर्ण्याला नोकरीला आहे, रोज स्कूटरने जाते, पण वीकेंडला राईडसाठी ट्विन घ्यायचीय. कारवार-गोकर्णपर्यंत जाऊन यावं असं डोक्यात आहे. उंची ५ फूट १ इंच. सगळे म्हणतात तुला झेपणार नाही.

उत्तर: "झेपणार नाही" म्हणणाऱ्यांनी तुम्हाला गाडीवर बसवून बघितलंय का, हे आधी विचारा त्यांना.

तुमच्यासाठी आकडे दोन, सीटची उंची आणि वजन, आणि ते एकत्रच बघायचे. रॉयल एनफिल्डच्या सुपर मेटिऑर ६५० ची सीट फक्त ७४० मिलिमीटर, दोन्ही पाय टेकतील, पण वजन २४१ किलो. एप्रिलिया आरएस ४५७ ची सीट ८०० मिलिमीटर, पाय चवड्यांवरच टेकतील, पण वजन १७५ किलो. ही आरएस ४५७ तयार होते बारामतीला आणि भारतात लाँच झाली २०२३ च्या डिसेंबरात आपल्या वागातोरलाच, इंडिया बाईक वीकमध्ये. दोन्ही ट्विनच, पण स्वभाव अगदी वेगळे. चालत्या गाडीत वजन फारसं कळत नाही, ते कळतं पार्किंगमध्ये मागे ढकलताना आणि उतारावर थांबताना, आणि आपल्याकडे सपाट जागा मिळते कुठे. शोरूममध्ये गाडी स्टँडवरून उतरवून स्वतः दहा पावलं मागे-पुढे ढकलून बघा, कुणी धरायला आलं तर नको म्हणा. ते जमलं की गाडी तुमची. मी तुमच्या जागी असतो तर हलकी घेतली असती.

करमल घाट पहिल्यांदा सकाळी लवकर करा, ट्रक कमी असतात. आणि पोळेची हद्द ओलांडायच्या आधी काणकोणला टाकी भरून घ्या.

प्रश्न (पर्वरी): चार सिलिंडरची गाडी ट्रॅफिकमध्ये खरंच एवढी तापते का?

उत्तर: हो. चार सिलिंडर एका आडव्या रांगेत ठेवलेले, पुढे मोठा रेडिएटर, वर पूर्ण फेअरिंग, पंखा सुरू झाला की सगळी गरम हवा मांड्यांवर. वेगात असताना काही वाटत नाही, पण पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये एप्रिल-मेच्या घामट हवेत दहा मिनिटं उभं राहायचं म्हणजे शिक्षा. फेअरिंग नसलेली ट्विन पण तापते, पण हवा बाजूने निघून जाते. आणि तुम्ही समुद्राजवळ राहत असाल तर कुठलीही घ्या, रेडिएटरच्या जाळ्या आणि चेन आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, लांबून धार मारून, प्रेशर पंप जवळ आणू नका, जाळ्या वाकतात.

प्रश्न (फोंडा, वय ६२): माझ्याकडे पूर्वी राजदूत ३५० होती, ती पण ट्विनच. आता मुलगा म्हणतो नव्या ट्विन वेगळ्या, २७० डिग्रीच्या. हा काय प्रकार आहे? आणि आमच्या वेळचा तो आवाज नव्या ट्विनला का नाही?

उत्तर: काका, तुमचा प्रश्न वाचून दिवस चांगला गेला माझा. राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०, ३४७ सीसी, १९८३ पासून इथे बनायला लागलेली, टू-स्ट्रोक. आणि सगळी गंमत त्या टू-स्ट्रोकमध्येच आहे.

तुमच्या गाडीत दोन पिस्टन एकमेकांच्या उलट चालायचे, एक वर तर एक खाली, म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) १८० अंशांचा. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर फेरीला एकदा पेटतो, म्हणून दर अर्ध्या फेरीला एक स्फोट, एकसारखा. फोर-स्ट्रोकमध्ये एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. त्यामुळे दर अर्ध्या फेरीला स्फोट पाहिजे असेल तर फोर-स्ट्रोकला चार सिलिंडर लागतात! म्हणजे तुमच्या राजदूतचा ठोका हा आजच्या चार सिलिंडर गाडीचा ठोका आहे, त्यामुळे मुलाच्या मित्रांची ती स्पोर्ट बाईक किंचाळत गेली की तुम्हाला ओळखीचं वाटत असेल तर ते बरोबरच आहे.

२७० डिग्रीवाल्या ट्विनमध्ये क्रँकच्या दोन पिनांमध्ये २७० अंशांचं अंतर ठेवतात, मग एक स्फोट झाल्यावर दुसरा २७० अंशांनी आणि त्यानंतरचा ४५० अंशांनी. ठोका लंगडत पडतो, धड-धड... धड-धड..., व्ही-ट्विनसारखा (दोन सिलिंडर व्ही आकारात असलेल्या इंजिनासारखा). यामाहानेच हा प्रकार १९९५ मध्ये टीआरएक्स८५० वर आणला, आता रॉयल एनफिल्डच्या ६५० मध्ये आणि यामाहाच्या एमटी-०७ मध्ये पण तोच. आवाजासाठी म्हणून नाही केलेला नुसता, दोन्ही पिस्टन एकाच वेळी थांबत नाहीत त्यामुळे क्रँक जास्त एकसारखा फिरतो आणि मागच्या चाकावर काय चाललंय ते चालवणाऱ्याला स्पष्ट कळतं. ओल्या रस्त्यावर मला त्याचा भरवसा वाटतो.

ब्रेकचं मात्र तुम्ही राजदूतवर जे सोसलंत ते आता नाही. त्या वेगाला ड्रम ब्रेक दिलेले होते, आठवत असेल तुम्हाला. आता १२५ सीसीच्या वर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचंच आहे. मुलाची गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात तुम्ही पण चालवा, बोरी पुलापर्यंत जाऊन या.

प्रश्न (पेडणे): दोन सायलेन्सर असले म्हणजे ट्विन समजायची का?

उत्तर: नाही. जुन्या येझदी रोडकिंगला दोन सायलेन्सर होते पण सिलिंडर एकच, आणि निंजा ६५० ला सायलेन्सर एकच पण सिलिंडर दोन. इंजिनातून पुढच्या बाजूला किती पाईप बाहेर पडतात त्यावर पण जाऊ नका, रोडकिंगला तिथेही दोनच होते. स्पार्क प्लग मोजायचे तर काही सिंगलना पण दोन किंवा तीन असतात. आरसीवर सिलिंडरची संख्या छापलेली असते, ती बघा.