विषाणू पेशीच्या केंद्रकातली ये-जा नेमकी कशी अडवतात?

केंद्रकाच्या आवरणातली छिद्रं म्हणजे नुसती भोकं नव्हेत. सुमारे 30 प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेले ते बोटींचे धक्केच म्हणा ना! लहान रेणू आपले आपण सटकतात, मोठ्या प्रथिनांना मात्र इम्पोर्टिन नावाची फेरीबोट लागते. आम्ही दाभोळहून धोपाव्याला गाडी चढवून जातो, तसंच.

आता पेशीत विषाणू शिरला की इंटरफेरॉन या धोक्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची हाकाटी होते. ती ऐकून स्टॅट-1 हे प्रथिन बोट पकडतं, केंद्रकात जातं आणि बचावाची जनुकं चालू करतं. विषाणूला नेमका हाच प्रवासी नको असतो.

इबोलाचं व्हीपी-24 हे प्रथिन बोटीत स्टॅट-1 च्याच जागेवर ठाण मांडून बसतं. बाकीचे प्रवासी बिनदिक्कत जातात! इतका नेमका डाव मला तरी थक्क करतो. कोविडच्या विषाणूचं ओआरएफ-6 हे प्रथिन जेमतेम 61 अमिनो आम्लांचं, पण ते थेट धक्क्यालाच चिकटतं, न्यूप-98 आणि रे-1 या प्रथिनांना. मग स्टॅट-1 आत जाईना आणि पेशीचे आरएनए निरोप, म्हणजे प्रथिनं बनवायच्या सूचना, बाहेर येईनात.

पोलिओचं काम रांगडं. त्याचं 2ए हे कात्रीप्रथिन धक्क्याचे खांबच तोडतं. त्याची वाढ केंद्रकाबाहेर होते, त्यामुळे आतून गळून आलेली प्रथिनं त्याला आयतीच मिळतात.

आणि हो, आपल्याकडे पावसाळ्यात येणारा लेप्टो यात धरू नका. तो जिवाणू.