वाचकांचे प्रश्न : इअरफोनच्या टिप्स, आवाज आणि आराम

प्रश्न : माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे एकाच मॉडेलचे इअरफोन आहेत. त्याला खर्जातले सूर भरदार ऐकू येतात, मला मात्र तेच गाणे पोकळ आणि चिरके वाटते. इअरफोन बोटाने कानात दाबून धरला की बास लगेच येतो आणि बोट काढताच जातो. माझ्या इअरफोनमध्ये दोष आहे का?

उत्तर : बोटाने दाबल्यावर बास येतो, ही आपण नकळत केलेली तपासणीच पुरेशी बोलकी आहे. आपला इअरफोन बहुधा निर्दोष असून त्यावरची टिप, म्हणजे कानात शिरणारी मऊ टोपी, आपल्या कानाला बसलेली नाही. इअरफोनमधला कंप पावणारा पडदा बऱ्याचदा १० मिलिमीटरच्या आसपासच असतो. एवढासा पडदा खोलीभर हवा हलवू शकत नाही; टिपपासून कानाच्या पडद्यापर्यंत कोंडलेली थोडीशी हवा दाबून आणि सोडून तो आपल्याला खर्ज ऐकवतो. टिप आणि कानाची नळी यांच्यात बारीकशी जरी फट राहिली, तरी खालच्या सुरांच्या संथ आंदोलनांत त्या हवेला फटीतून ये-जा करायला पुरेसा वेळ मिळतो आणि दाब तयारच होत नाही. वरच्या सुरांची आंदोलने इतकी जलद असतात की त्यांना ही फट फारशी जाणवत नाही. म्हणूनच बास जातो, चिरकेपणा तेवढा उरतो आणि ऐकणारा बिचारा इअरफोनला दोष देतो.

प्रथम एक आकार मोठी टिप लावून पाहा. कान दुखेल या भीतीने पुष्कळ जण लहान टिप निवडतात, आणि माझ्या मते इअरफोनविषयीच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते. मात्र प्रमाणाबाहेर मोठी टिपही चालत नाही, कारण ती नळीत पुरती शिरत नाही, तिच्या कडेला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून पुन्हा हवा सुटते. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच असतील असेही नाही. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागत असेल, तर तशीच खुशाल वापरावी.

टिप घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे हलकेच ओढावी, म्हणजे वळणदार नळी थोडी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत सरकवावा आणि पाळी सोडावी. सलग वाजणारा एखादा खर्जाचा सूर लावून जबडा सावकाश उघडावा व मिटावा. जबड्याच्या हालचालीने नळीचा आकार बदलतो. त्याबरोबर बास कमीजास्त होत असेल, तर टिप अजून घट्ट बसलेली नाही असे समजावे.

प्रश्न : सिलिकॉनऐवजी फोमच्या टिप्स लावल्या. बाहेरचा गोंगाट पुष्कळ कमी झाला, पण झांजांचा झगमगाट आणि गायिकेच्या ‘स’, ‘श’ची धारही बोथट झाली. असे का होते?

उत्तर : याची कारणे एकाहून अधिक आहेत. फोम सच्छिद्र असल्याने वरच्या पट्टीतला थोडा आवाज तो स्वतःच शोषतो. शिवाय काही फोम टिप्सचे मधले भोक कानात दबून अरुंद होते, आणि भोक जितके अरुंद तितका ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, दबतो. हा नियम सिलिकॉनलाही लागू असल्यामुळे, आवाज फार टोचणारा असेल तर अरुंद तोंडाची आणि मंद वाटत असेल तर रुंद तोंडाची टिप निवडावी.

टिप किती खोल जाते, यानेही फरक पडतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब असते आणि उघडी असताना ती ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप उठावदार करते. टिपने तोंड बंद झाले की हा उठाव सरकून साधारण ८,००० हर्ट्झजवळ जातो. उच्चारातल्या ‘स’, ‘श’सारख्या ऊष्म वर्णांची धार बरीचशी या भागात असते. टिप दोन-तीन मिलिमीटर अधिक आत गेली की उरलेली नळी आखूड होते आणि हा उठाव आणखी वर सरकतो. एकाच इअरफोनविषयी दोन जाणकारांची मते इतकी भिन्न का असतात, याचे एक कारण हेच आहे.

फोम टिप चिमटीत दाबून, बारीक करून घालावी आणि ती पूर्ण फुलेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. गोंगाट अडल्यामुळे आवाज कमी ठेवता येतो, हा तिचा मोठा गुण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्यांसाठी ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानली जाते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

प्रश्न : तासाभराने कान दुखू लागतो, कधी आत खाजही सुटते. सवयीने हे जाईल का?

उत्तर : दुखणे सवयीवर सोडू नये. नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा असल्याने थोडा ताण सोसतो, पण आतल्या हाडाच्या भागावरची त्वचा अतिशय पातळ असते आणि तिथला दाब लगेच बोचतो. एक आकार लहान किंवा अधिक मऊ टिप लावा आणि मधूनमधून इअरफोन काढून कानाला हवा लागू द्या. सिलिकॉनची टिप इअरफोनवरून काढून सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. फोम मळाने आणि तेलकटपणाने कडक होतो. दाबल्यावर तो सावकाश फुलत नसेल, तर धूत न बसता बदलावा. खाज टिकून राहिली, कानातून स्राव आला किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर इअरफोन बंद ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

नव्या टिप्स घेताना त्यांच्या आतल्या नळीचे माप आपल्या इअरफोनच्या तोंडाशी जुळते का, हे आधी पाहावे, कारण सैल टिप कानातच अडकून राहू शकते. बिनतारी इअरफोन असेल तर टिपची उंचीही तपासावी. टिप उंच असली की चार्जिंगच्या डबीचे झाकण नीट बसत नाही आणि इअरफोन चार्ज होत नाही.