‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर आधी ‘नको’ म्हणा

प्रश्न : माझ्या १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये वडिलांच्या कीर्तनांची सगळी रेकॉर्डिंग्ज आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. हल्ली ती कॉम्प्युटरला लावली की दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही. मध्येच एकदा दिसली, तेव्हा ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा मेसेज आला. भाचा म्हणतो, फॉरमॅट मार, चालू होईल. मी घाबरले आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात मारू नका. भाचा म्हणतो तशी डिस्क कदाचित चालू होईलही, पण रिकामी होऊन. तो मेसेज पुन्हा आला तर ‘कॅन्सल’ दाबा. विंडोजला डिस्कवरची फायलींची नोंदवही वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कीर्तनं बहुधा अजून जागेवरच आहेत.

कधी दिसते, कधी नाही, म्हणजे पहिला संशय वायरवर. दिवा लागला म्हणून वीज पुरेशी मिळतेय असं समजू नका. दिव्याला नावापुरती वीज पुरते, आतली चकती फिरवायला मात्र बरीच लागते. जुना यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा निळा पोर्ट ९००. तेव्हा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) असेल तर काढा, सीपीयूच्या मागच्या पोर्टला डिस्क थेट लावा, आणि दुसरी, आखूड वायर वापरून बघा. डिस्कवर अलगद बोटं ठेवा. बारीक, एकसारखी थरथर जाणवली तर चकती फिरतेय. आमच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच डिस्क वायर बदलली की चालतात.

पण ‘टक... टक... टक’ असा आवाज ठरावीक अंतराने येत असेल तर लगेच वायर काढा आणि पुन्हा लावू नका. आतलं हेड, म्हणजे चकतीवरची माहिती वाचणारा भाग, बहुधा निकामी होत चाललंय. डिस्क उघडायला कुणाच्याही हाती देऊ नका. हेड चकतीच्या इतकं जवळून फिरतं की धुळीचा एक कणसुद्धा घात करतो. ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. खर्च मोठा असतो, तरी वडिलांच्या आवाजापुढे मी तो करा असंच सांगेन.

आवाज नसेल तर विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे डिस्क ‘हेल्दी’ दिसते पण तिला अक्षर (‘D:’, ‘E:’ असं) नाही? मग राइट क्लिक करून अक्षर द्या, काम झालं. ‘रॉ’ लिहिलेलं असेल तर नोंदवही बिघडलीय. अशा वेळी ‘चेकडिस्क’ हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन चालवायचा मोह टाळा, दुरुस्तीच्या नादात ते फायली तोडू शकतं. टेस्टडिस्क किंवा फोटोरेक ही मोफत सॉफ्टवेअर वापरून फायली दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याच डिस्कवर नव्हे. फोटोरेकने काढलेल्या फायलींची मूळ नावं जातात, त्यामुळे एकेक कीर्तन ऐकून नाव द्यावं लागेल.

सगळं दोन ठिकाणी कॉपी झाल्यावरच फॉरमॅटचं बघा. फॉरमॅटचा प्रकार निवडताना, फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस, मॅकवरही लावायची असेल तर एक्सफॅट. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा. मग विंडोज पूर्ण डिस्क तपासतं. काही तास जातील, जाऊ द्या. मध्येच अडकलं तर ती डिस्क कुठल्याच कामाला ठेवू नका.

प्रश्न : ४ टीबीची नवी कोरी डिस्क केसमध्ये बसवली. फिरल्याचा आवाज येतो, पण ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. खराब निघाली का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसं वाटत नाही. कोऱ्या डिस्कवर पार्टिशनच, म्हणजे फायली ठेवायला आखलेला भागच, नसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसेल. तिला इनिशियलाइज करा, म्हणजे वापरासाठी तयार करा. तेव्हा डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती विचारल्या जातात, जीपीटी आणि एमबीआर. त्यातली जीपीटी निवडा. एमबीआर घेतलंत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. नंतर रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा. इथे क्विक फॉरमॅट चालेल.