आधी तारीख लिही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र वाचून तू भारावलीस, मग घरातल्या मोठ्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना पसंती देणारं त्यांचं ते जुनं वाक्य ऐकवलं, आणि आता निबंधाचा कागद कोरा. 'माणूस मोठा होता की नव्हता, एवढंच सांगा,' म्हणतेस. ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तेच उतरवून तू मोकळी होशील.

पुस्तक कुठं थांबतं ते पाहिलंस का? १९४६ ला. देवराष्ट्रे, कराड, १९३२ ची अठरा महिन्यांची शिक्षा, बेचाळीसचे भूमिगत दिवस, आणि शेवटी निवडून येऊन संसदीय चिटणीस म्हणून मुंबईला निघणं. पुस्तक १९८४ चं, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते गेले. पुढचे खंड लिहायचे राहिले. म्हणजे मुख्यमंत्रिपद, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र खातं, १९७९ चं उपपंतप्रधानपद, यातलं काहीही त्या पानांत नाही. तुला ज्या वादानं गोंधळवलं, तो पुस्तक संपल्यावर नऊ वर्षांनी सुरू होतो. कराडच्या पोरावरून सत्तेतल्या माणसाचा निकाल लावू नकोस. उलटही नको. आधी तारीख, मग मत.

लांब वही घे. पानाचे तीन रकाने पाड. पहिल्यात आत्मचरित्रातलं विधान, पान आणि आवृत्ती. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, आणि तुझा संदर्भ कुणालाच सापडत नाही. दुसऱ्यात त्याच दिवसांतला कागद: वर्तमानपत्र, विधानसभेच्या कामकाजाचं छापील वृत्त, कायद्याचा मजकूर. तिसऱ्यात विरोधकांचं म्हणणं. रकाना रिकामा राहिला तर राहू दे, अंदाजानं भरू नकोस. विशीतलं वाटणं इथं सत्तरीतला माणूस सांगतोय. तो खोटं बोलतो असं नव्हे, पण पन्नास वर्षांनी आठवण निवडक होते.

आता ते वाक्य. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, असा त्याचा आशय. काळ १९५५ ची अखेर. त्याच्या शब्दरचना तोंडोतोंडी बदलत गेल्या आहेत, तेव्हा अवतरणचिन्हं घालायच्या आधी त्या आठवड्यातलं छापील वृत्त शोध. अत्र्यांचा 'मराठा' धुंडाळू नकोस, तो निघालाच नोव्हेंबर १९५६ मध्ये. मग क्रम लाव: १ नोव्हेंबर १९५६, मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. १९५७, पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण. ३० नोव्हेंबर १९५७, प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवपुतळ्याचं अनावरण आणि संयुक्त महाराष्ट्र समितीची निदर्शनं. १ मे १९६०. हे एकाखाली एक मांडलंस की 'फितूर' आणि 'शिल्पकार' हे दोन्ही शब्द तोकडे पडतील, आणि खरा प्रश्न दिसेल: त्या साडेतीन वर्षांत त्यांनी दिल्लीला काय पटवलं, आणि समितीच्या रेट्याशिवाय ते पटलं असतं का? निबंध इथं आहे.

श्रेयाच्या बाबतीत तर मला राग येतो. जिल्हा परिषदा 'यशवंतरावांनी आणल्या' असं तू एका ओळीत उरकलंस. पंचायत राज सुचवणारी बलवंतराय मेहता समिती १९५७ ची. वसंतराव नाईकांची समिती १९६० ची. जिल्ह्याला खरा अधिकार द्या, हा आग्रह तिचा. कायदा १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. यशवंतरावांचं मोठेपण आहेच, पण ते दुसऱ्याचा अहवाल मान्य करून आमदारांच्या हातची सत्ता खाली सोडण्यात आहे. सहकारी साखरेचंही तेच: प्रवरेचा कारखाना विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाआधी उभा केला होता.

आणि तू ठाण्यात राहतेस, म्हणून हे पक्कं कर. औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ चं; वागळे इस्टेट ही त्याची सुरुवातीची वसाहत. चीनच्या युद्धात, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, म्हणजे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाची. नवी मुंबईचं श्रेय यशवंतरावांना देऊ नकोस, आणि तिथल्या जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबाराचा दोषही एकट्या त्यांच्या माथी मारू नकोस. त्यांच्या काळी घडलेलं उद्योगांचं धोरण तिथवर कसं गेलं, एवढं मात्र लिहायलाच हवं.

मला कोरडा म्हणतात, तारखांचा कारकून म्हणतात. म्हणोत. आमच्या पिढीनं पुढाऱ्यांना हार घातले नाहीतर जोडे दाखवले, नोंदी मात्र ठेवल्या नाहीत. ही खंत मला आहे, आणि म्हणूनच तुझ्यासारख्या चांगलं लिहिणारीवर मी खेकसतो.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयापासून सुरुवात कर. तिथं जुने अंक नसतील तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचार. विधानसभेच्या वृत्तांसाठी विधानमंडळाचं ग्रंथालय, तिथं कॉलेजचं पत्र लागेल, ते आधीच घेऊन ठेव. पेन्सिल ने. फोटो काढलास तर त्याच चौकटीत अंकाचं नाव आणि तारीख येऊ दे. प्रस्तावना आत्ता लिहू नकोस. १९५५ ते १९६० ची पानं भरली की ती वही मला दाखव.